९४ टक्के कशाचे?

केमिकलच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट नावाचं एक प्रकरण असतं. यंदा आम्हा चौघांच्या वाट्याला करंजाच्या तेलापासून बायोडिझेल आलं. विषय काही नवा नाही, आधीच्या एका बॅचचा रिपोर्ट हॉस्टेलच्या माळ्यावर धूळ खात पडलेला होताच. त्यामुळे आम्ही निवांत होतो. तेल तापवायचं, त्यात मिथेनॉल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साईड घालायचं, ६० अंशांवर दीड तास ढवळायचं आणि सेपरेटिंग फनेलमध्ये ओतून रात्री मेसला जायचं. सकाळी येऊन बघतो तर खाली काळपट तपकिरी ग्लिसरीन आणि वर छान सोनेरी थर! एक लिटर तेल घेतलं होतं, वरचा थर भरला ९४० मिली. लॅबचे मामासुद्धा म्हणाले, ‘झालं की रे पोरांनो!’ आम्ही रिपोर्टमध्ये लिहून मोकळे झालो : कन्व्हर्जन ९४ टक्के.

सरांनी पान उलटलं, थांबले आणि विचारलं, ‘९४ टक्के कशाचे?’

प्रश्न साधा होता, पण चौघांपैकी एकालाही उत्तर देता येईना. कारण आम्ही मोजला होता तो थराचा आकार. त्या थरात बायोडिझेल किती आणि न बदललेलं तेल किती, हे डोळ्यांना दिसत नाही. न बदललेलं तेलही वरच राहतं, तेही सोनेरीच दिसतं. सर म्हणाले, ‘एनएमआर करून आणा, मग बोलू.’

मित्रांनो, एनएमआर हे नाव आपण इंजिनिअरिंग केमिस्ट्रीच्या पुस्तकात चार ओळींत वाचून विसरलेलं असतं. न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स. यातलं ‘न्यूक्लिअर’ ऐकून घाबरू नका, बॉम्बचा किंवा किरणोत्साराचा इथे काही संबंध नाही. हॉस्पिटलातलं एमआरआय हे याच तत्त्वावर चालतं. पेशंट दचकतात म्हणून तिथे ‘न्यूक्लिअर’ हा शब्द गाळला गेला, असं सांगतात. न्यूक्लिअर म्हणजे इथे फक्त अणूचं केंद्रक, आणि आपल्या कामापुरतं हायड्रोजनचं केंद्रक, म्हणजे एकटा प्रोटॉन.

हा प्रोटॉन एखाद्या बारीकशा लोहचुंबकासारखा वागतो. त्याला जोरदार चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की तो त्या क्षेत्राभोवती घुमायला लागतो, जसा वेग कमी होत आलेला भोवरा डोलत डोलत घुमतो तसा. घुमण्याची गती क्षेत्राच्या ताकदीवर ठरते : १ टेस्लाला सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लाख फेऱ्या. आम्ही गेलो त्या मशीनचं क्षेत्र ९.४ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दोन लाख पटींहून जास्त. तिथे प्रोटॉन सेकंदाला ४० कोटी वेळा घुमतो. म्हणून त्या मशीनला ‘४०० मेगाहर्ट्झचं मशीन’ म्हणतात. आपलं एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर वाजतं, हे त्याच घराण्यातलं. नेमक्या त्याच फ्रिक्वेन्सीची रेडिओ लहर मारली की प्रोटॉन ती उचलतो आणि नंतर आपला आवाज परत ऐकवतो. झालं, हाच रेझोनन्स.

आता सगळे प्रोटॉन एकाच सुरात बोलले असते तर या मशीनचा केमिस्ट्रीला काडीचा उपयोग नव्हता. गंमत अशी की ते तसं बोलत नाहीत. प्रत्येक प्रोटॉनभोवती इलेक्ट्रॉनचं पांघरूण असतं आणि ते बाहेरचं क्षेत्र थोडंसं अडवतं. शेजारी ऑक्सिजनसारखा इलेक्ट्रॉन ओढून घेणारा अणू असला की पांघरूण सरकतं, प्रोटॉनला जास्त क्षेत्र लागतं आणि त्याचा सूर जरा वर जातो. रूममेटने रात्री चादर ओढल्यावर थंडी कोणाला जास्त वाजते ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको! हा फरक फार किरकोळ असतो, दहा लाखांत काही भाग, म्हणून तो पीपीएममध्ये सांगतात. त्याला केमिकल शिफ्ट म्हणायचं. कागदावर शून्य उजवीकडे असतो आणि आकडे डावीकडे वाढत जातात. ही उलटी पट्टी पहिल्यांदा पाहताना सगळेच चुकतात, आम्हीही चुकलो.

प्रत्येक प्रकारच्या हायड्रोजनचं कागदावर एक पीक येतं. (शेतातलं नव्हे, टोकदार शिखरासारखं असतं ते.) त्या पीकखालचं क्षेत्रफळ हे तशा हायड्रोजनच्या संख्येच्या प्रमाणात असतं. माझ्या मते एनएमआरची खरी ताकद या एका वाक्यात आहे. रंगावरून किंवा प्रकाश किती शोषला यावरून मोजायचं तर आधी माहीत असलेले नमुने घेऊन ग्राफ काढावा लागतो. इथे हायड्रोजन हा हायड्रोजनच, मग तो तेलातला असो की अल्कोहोलमधला. मशीन सरळ डोकी मोजतं.

ही डोकी पहिल्यांदा मोजली गेली त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. स्टॅनफर्डचे फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्डचे एडवर्ड पर्सेल यांनी १९४५-४६ च्या सुमारास स्वतंत्रपणे हा परिणाम शोधला, १९५२ मध्ये त्यांना फिजिक्सचं नोबेल मिळालं. दोघेही फिजिक्सवाले, त्यांना हवी होती केंद्रकांच्या चुंबकत्वाची अचूक मोजमापं. १९५० मध्ये स्टॅनफर्डलाच प्रॉक्टर आणि यू यांनी अमोनियम नायट्रेट घेऊन नायट्रोजन मोजायला सुरुवात केली, तर एकाऐवजी दोन सिग्नल आले! फिजिक्सच्या दृष्टीने ही कटकटच होती, केंद्रक तेच असताना उत्तरं दोन कशी? अमोनियममधला नायट्रोजन वेगळा आणि नायट्रेटमधला वेगळा, हे त्याचं कारण. मग १९५१ मध्ये अरनॉल्ड, धर्मत्ती आणि पॅकार्ड यांनी साधं इथाइल अल्कोहोल मशीनमध्ये ठेवलं. तीन पीक आले, क्षेत्रफळं ३ : २ : १. मिथिलचे तीन हायड्रोजन, मधले दोन आणि ऑक्सिजनवरचा एक. पुस्तकात काढलेलं अल्कोहोलचं स्ट्रक्चर पहिल्यांदा कागदावर मोजून मिळालं. यातले धर्मत्ती म्हणजे आपले श्रीधर धर्मत्ती. ते पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि एनएमआरचं काम तिथे त्यांनीच सुरू केलं. हे नाव आमच्या एकाही पुस्तकात नव्हतं, याचं जरा वाईट वाटलं.

असो. आमच्या कॉलेजात हे मशीन नाही. शहरातल्या एका संस्थेत सॅम्पल घेतात असं कळलं, चौघांनी वर्गणी काढली आणि बाटली घेऊन एसटीत बसलो. मशीनच्या खोलीबाहेर पाटी : पेसमेकर असलेल्यांनी आत येऊ नये, घड्याळ, मोबाईल, एटीएम कार्ड बाहेर ठेवावं. आत मध्यभागी दूधवाल्याच्या कॅनची राक्षसी आवृत्ती उभी. त्याच्या पोटात निओबियम-टायटॅनियमच्या तारेची गुंडाळी, ती उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडालेली, त्याबाहेर उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनचं आवरण. एवढ्या थंडीत तारेचा रेझिस्टन्स शून्य होतो, त्यामुळे एकदा सोडलेला करंट वर्षानुवर्षं आपला फिरत राहतो, लाईट बिल न भरता! फक्त हेलियम भरत राहावं लागतं, आणि ते बाहेरच्या देशातून येतं. सॅम्पलचे पैसे का घेतात ते तिथे कळलं.

तिथल्या मॅडमनी बाटली उजेडात धरली आणि विचारलं, ‘काय रे, ओळखायचंय की मोजायचंय?’

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी समजावून सांगितलं. नुसतं कोणतं संयुग आहे ते ओळखायचं असेल तर लहरी भराभर मारल्या तरी चालतं. पण मोजायचं असेल तर दोन लहरींमध्ये थांबावं लागतं. कारण प्रत्येक जातीच्या प्रोटॉनला मूळ जागी यायला लागणारा वेळ वेगळा. कोणी पटकन येतो, कोणी रेंगाळतो. रेंगाळणारे परत यायच्या आत पुढची लहर मारली तर ते कमी मोजले जातात आणि क्षेत्रफळ चक्क खोटं बोलतं. आम्हाला मोजायचंच होतं. मग त्यांनी मधला वेळ १० सेकंद ठेवला.

सॅम्पल किती लागतं? वीसेक मिलिग्रॅम. ते अर्ध्या मिलीहून थोड्या जास्त क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं आणि ५ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या नळीत भरायचं. पण हे क्लोरोफॉर्म साधं नाही, त्यातल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असतं. नाहीतर सॉल्व्हंटच्याच हायड्रोजनचा एवढा आरडाओरडा होईल की आपलं तेल ऐकूच येणार नाही.

एकाच लहरीवर का भागत नाही, तर सिग्नल फार कमजोर असतो. प्रोटॉन क्षेत्राच्या बाजूने किंवा विरुद्ध असे दोन प्रकारे उभे राहू शकतात, आणि ९.४ टेस्लालाही दर दहा लाखांत बाजूचे जेमतेम तीसेकच जास्त भरतात. बाकी सगळे एकमेकांना खोडून टाकतात. त्या तिसांच्या मतावर निवडणूक! म्हणून तोच सिग्नल १६ वेळा घेऊन बेरीज करतात, तेव्हा तो गोंगाटाच्या तुलनेत चौपट उठून दिसतो. आणि ईअँडटीसीवाल्या मित्रांनो, ज्या फूरिये ट्रान्सफॉर्मने तुम्हाला सिग्नल्सच्या पेपरात रडवलं तो इथे रोजचा हमाल आहे. पूर्वी एकेक फ्रिक्वेन्सी सावकाश फिरवत न्यावी लागे. १९६६ मध्ये अर्न्स्ट आणि अँडरसन यांनी एकाच ठोक्यात सगळे सूर वाजवून गणिताने ते वेगळे करायची पद्धत आणली. १९९१ चं केमिस्ट्रीचं नोबेल अर्न्स्ट यांना मिळालं त्यात याचा मोठा वाटा होता.

तीन-चार मिनिटांत स्क्रीनवर आमचं तेल उमटलं. आता हे वाचायचं कसं?

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या खुंटीला टांगलेल्या तीन लांब साखळ्या. मिथेनॉल येऊन एकेक साखळी खुंटीवरून सोडवतं आणि तिच्या टोकाला आपला मिथिल गट लावतं. झालं बायोडिझेल. आता दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, साखळी सुटलेली असो वा अडकलेली, तिच्या टोकाजवळ दोन हायड्रोजन असे असतात की ते २.३ पीपीएमला दिसतात. दोन, सुटलेल्या साखळीवरच ऑक्सिजनला चिकटलेला मिथिल असतो, त्याचे तीन हायड्रोजन ३.६६ ला एकच उंच पीक देतात.

समजा मेसमध्ये किती जणांनी पैसे भरलेत ते काढायचंय. प्रत्येकाच्या पायात दोन चपला. ज्याने पैसे भरले त्याच्या हातात तीन कुपनं, नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं. दाराशी उभं राहून चपला मोजा, दोनने भागा, एकूण मुलं कळली. कुपनं मोजा, तीनने भागा, पैसे भरलेले कळले. नावं विचारायची गरजच नाही. २.३ चं पीक म्हणजे चपला, ३.६६ चं पीक म्हणजे कुपनं.

मॅडमनी २.३ चं क्षेत्रफळ २.०० धरलं. सगळं तेल बदललं असतं तर ३.६६ चं ३.०० यायला हवं होतं. आमच्या ९४ टक्क्यांप्रमाणे २.८२ तरी. आलं २.३४. भागिले तीन, ०.७८.

७८ टक्के! शिवाय ४.१ ते ४.३ च्या मध्ये एक ठसठशीत गुंता दिसत होता, तो ग्लिसरॉलच्या खुंटीवरच्या हायड्रोजनचा. म्हणजे खुंटीला अजून साखळ्या लटकत होत्या याचा दुसरा साक्षीदार. युरोपीय मानकात बायोडिझेलमध्ये एस्टर किमान ९६.५ टक्के लागतं, आमचा माल त्याच्या जवळपासही नव्हता.

आमच्यातल्या एकाने लगेच वकिली केली, ‘मॅडम, ट्यूब घाण असेल. बघा, ७ ते ८ मध्ये पण काहीतरी बारीक बारीक आहे.’ मॅडम हसल्या. ७.२६ चं पीक सॉल्व्हंटमध्ये उरलेल्या साध्या क्लोरोफॉर्मचं, ते कायमच असतं. आणि बाकीचे बारीक पीक करंजीनचे असणार, त्याचाच ३.९ जवळचा मिथिलही त्यांनी दाखवला. करंजीन हे करंजाच्या बियांतलंच द्रव्य, तेल कडू लागतं त्याला कारण असलेल्यांपैकी एक. म्हणजे तेल करंजाचंच आहे याची तक्रार करत आम्ही उभे होतो! खरी घाण होती ती ०.०७ ला, सेपरेटिंग फनेलच्या तोटीला आम्ही थापलेलं सिलिकॉन ग्रीस. तेवढं मात्र आमचं.

परतीच्या एसटीत कोणी फारसं बोललं नाही. रिपोर्ट टाईप झालेला, एक्स्टर्नल तीन आठवड्यांवर. एकाचं म्हणणं, ‘९४ असंच राहू दे, एनएमआर केलंय हे कोणाला माहितीये?’ खोटं कशाला बोलू, क्षणभर चौघांनाही ते पटलं होतं.

रात्री मेसमध्ये एम.टेक.च्या एका दादाला हे सांगितलं, तर त्याने हेपॅरिनची गोष्ट सांगितली. हेपॅरिन म्हणजे रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध, डायलिसिसला तर लागतंच. डुकराच्या आतड्यातून ते काढतात. २००७ च्या शेवटी आणि २००८ च्या सुरुवातीला अमेरिकेत हे औषध दिल्यावर पेशंटचं ब्लडप्रेशर एकदम कोसळायला लागलं, अनेक मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला. औषध नेहमीच्या चाचण्यांत पास होतं. चाचणी काय, तर रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायचं. आणि गोठत तर नव्हतंच! कच्चा माल चीनमधून आलेला, त्यात कोणीतरी कूर्चेतल्या कॉन्ड्रॉइटिनवर जादा सल्फेट चढवून मिसळलं होतं. तेही रक्त गोठू देत नाही, आणि स्वस्त. पकडलं कशाने? एनएमआरने. हेपॅरिनच्या ॲसिटिल गटातला मिथिल २.०४ च्या आसपास दिसतो. भेसळीच्या मालात शेजारीच २.१६ ला आणखी एक पीक उभं होतं. फरक ०.१२ पीपीएमचा. आता अमेरिकन फार्माकोपियात हेपॅरिनसाठी एनएमआरची तपासणी आहे.

चाचणी चुकलेली नव्हती. तिने विचारलं ते तिला बरोबर कळलं होतं. तिने रेणूबद्दल विचारलंच नव्हतं, जसं आमच्या मोजपात्राने विचारलं नव्हतं. दादाने हे आम्हाला टोमणा म्हणून सांगितलं की नाही माहीत नाही, पण लागलं.

दुसऱ्या दिवशी मुळापासून तपासायला बसलो. तेलाची ॲसिड व्हॅल्यू आम्ही काढलीच नव्हती, माळ्यावरच्या रिपोर्टातली उतरवली होती. आमचा डबा मात्र स्टोअरमध्ये कितीतरी महिने उन्हाळा खात पडलेला. टायट्रेशन केलं तर आकडा उतरवलेल्याच्या चौपट! म्हणजे आम्ही घातलेलं हायड्रॉक्साईड आधी त्या मोकळ्या ॲसिडचा साबण करण्यात खर्ची पडलं, साखळ्या सोडवायला उरलं थोडंच. आणि थर धुण्याआधीच मोजल्यामुळे त्या ९४० मिलीत साबण आणि मिथेनॉलही होतं.

यावेळी आधी सल्फ्युरिक ॲसिड आणि मिथेनॉल घालून मोकळं ॲसिड संपवलं, मग हायड्रॉक्साईडची पायरी. कोमट पाण्याने चारदा धुतलं, एकदा इमल्शन झालं ते सुटायला दीड दिवस गेला. शेवटी हातात आलं ८६० मिली. म्हणजे जुन्या हिशोबाने ८६ टक्के, आधीपेक्षा कमी! ते घेऊन परत एसटी. यावेळी २.०० ला २.९१ आलं. ९७ टक्के. ४.२ चा गुंता जवळजवळ सपाट.

सॅम्पल पाठवणाऱ्या ज्युनिअर्ससाठी चार गोष्टी. नळी ॲसिटोनने धुतली तर नीट वाळवा, नाहीतर २.१७ ला एक दिमाखदार पीक येईल आणि तुम्ही त्यावर पानभर चर्चा लिहाल. मिथेनॉल राहिलं तर ते ३.४९ ला येतं, आमच्या ३.६६ च्या इतकं जवळ की घाईत दोन्ही एकत्र मोजाल आणि कन्व्हर्जन शंभरच्या वर जाईल. पाणी १.५६ ला. लोखंडाचे कण असतील तर गाळून घ्या, पीक पसरून भाकरी होते. शेकड्यात नव्हे तर लाखात एखादा भाग अशुद्धी शोधायची असेल तर मात्र एनएमआरच्या नादी लागू नका, तिथे गॅस क्रोमॅटोग्राफीसारखी मशीनं बरी.

न विरघळणारं सॅम्पल असेल तरी निराश होऊ नका, सिव्हिलवाल्यांनी तर मुळीच नाही. भुकटी बारीक नळीत भरून ५४.७ अंशांच्या कोनात भन्नाट वेगाने फिरवतात आणि सिलिकॉनचं एनएमआर घेतात. कोऱ्या सिमेंटमधलं सिलिकॉन उणे ७० च्या आसपास दिसतं, पाणी घातल्यावर सिलिकेटच्या साखळ्या जुळायला लागल्या की उणे ८० च्या दोन्ही अंगांना नवे पीक उगवतात. क्युब फोडल्याशिवाय सिमेंट किती मुरलं ते कळतं.

एक्स्टर्नलना आम्ही दोन्ही कागद दाखवले, ७८ चा आणि ९७ चा. त्यांनी पहिल्यावरच जास्त वेळ घालवला आणि नेमकं विचारलं, ‘हे ७ ते ८ मध्ये काय आहे?’ चौघांनी एका सुरात ‘करंजीन’ म्हटलं. मग त्यांनी ८६० मिलीचं कारण विचारलं, तेही सांगितलं, इमल्शनसकट. रिपोर्टमध्ये दोन्ही कागद स्टेपल केलेले आहेत, आणि ॲसिड व्हॅल्यूचा आमचा आकडा तारखेसकट लिहिलेला आहे. हॉस्टेलच्या माळ्यावर ठेवून जातोय. पुढच्या बॅचने तो उतरवू नये, टायट्रेशन करावं. डबा आणखी एक उन्हाळा खाणार आहे.